न आलेल्या रुग्णाची आठवण कोण ठेवणार?

व्याख्यानमालेच्या आजच्या भागात आपण आरोग्य माहिती तंत्रज्ञानाबद्दल बोलणार आहोत. शब्द जड आहे, म्हणून सुरुवात घरातल्याच एका वस्तूपासून करू. आपल्या प्रत्येकाच्या घरी एक पिशवी असते. कापडाच्या दुकानातून आलेली, जरा बऱ्यापैकी प्लॅस्टिकची. तिच्यात आईच्या किंवा वडिलांच्या आजारपणाचे सगळे कागद असतात. जुने केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, ईसीजीच्या फिकट होत चाललेल्या पट्ट्या, मेडिकलची बिलं. दवाखान्यात जायचं म्हटलं की आधी ती पिशवी शोधायची.

आता असं बघा, ही पिशवीच आज आपली आरोग्य माहिती व्यवस्था आहे. एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे माहिती पोचवण्याचं काम ती करते. ती घरी विसरली की डॉक्टर विचारतात, “कोणत्या गोळ्या चालू आहेत?” आणि आपण सांगतो, “एक पांढरी, एक गुलाबी, आणि एक अर्धी करून घेतात ती.” यावर डॉक्टरांनी काय निर्णय घ्यायचा?

एक माणूस, पाच दारं

समजा, पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर राहणारे आबा आहेत. वय ६२. मुलगा वाशीच्या मार्केटला माथाडी कामगार, मुलीचं सासर सांगलीचं. आबा आम्ही उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत, पण सातारा जिल्ह्यात अशी घरं किती आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आबांना रक्तदाब आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात. दिवाळीला मुलाकडे गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. परत आल्यावर बरं वाटतंय म्हणून दोन महिने गोळी घेतलीच नाही. एके सकाळी तोंड वाकडं झालं, डावा हात उचलेना. १०८ ची गाडी आली, कराडला नेलं. तिथून लेकीच्या आग्रहाने मिरजेला. मिरज हे या भागाचं दवाखान्यांचं गाव. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथे १८९४ मध्ये उभं राहिलं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. कर्नाटकातूनही रुग्ण येतात. आबा तिथे आठ दिवस राहिले आणि वाडीवर परत आले.

दारं मोजा. आरोग्य केंद्र, मुंबईचा दवाखाना, कराड, मिरज, आणि पुन्हा आरोग्य केंद्र. पाचही ठिकाणी आपापल्या परीने नीट उपचार झाले असं धरून चालू. तरी चुका कुठे होतील बघा. अर्धांगाच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यासाठी झटका नक्की कधी आला आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी आधीपासून चालू आहे का, हे कळावं लागतं. ते लेकीला माहीत नाही. मिरजेहून घरी सोडताना लिहून दिलेली गोळी आणि केंद्रातून मिळणारी गोळी, औषध एकच, नाव वेगळं. आबा दोन्ही घेतात. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आहे, ते पिशवीत जातं. आणि ज्या आशाताई दर महिन्याला त्यांच्या दारावरून जातात, त्यांना आबांना झटका येऊन गेला हे गावातल्या बोलण्यावरूनच कळतं.

एकट्या डॉक्टरचं, एकट्या नर्सचं यात चुकलेलं नाही. चुकलं ते दोन दारांच्या मधल्या वाटेवर. समन्वयित रुग्णसेवा म्हणजे ही मधली वाट सांभाळणं. रुग्ण कोण, आजवर काय झालं, आता जबाबदारी कोणाची आणि पुढची भेट कधी, या चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येक दारावर एकसारखी मिळाली पाहिजेत. तंत्रज्ञानाचं काम एवढंच. पण हे “एवढंच” घडवून आणणं सोपं नाही.

साताऱ्यात काय झालं

यासाठी लांबचं उदाहरण शोधायची गरज नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था यांचं हे एकत्रित काम. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले निवडक जिल्हे घेतले. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा.

रक्तदाब हा मोठा फसवा आजार. दुखत नाही, ताप येत नाही, पण औषध आयुष्यभर घ्यावं लागतं. आपली सरकारी व्यवस्था कशी घडलेली? रुग्ण येणार, केस पेपर काढणार, तपासून औषध देणार, रजिस्टरमध्ये ओळ लिहिणार. दुसऱ्या महिन्यात तोच रुग्ण आला की रजिस्टरच्या नव्या पानावर नवी ओळ. मागची ओळ शोधायला कोणाला वेळ आहे?

यावर महाराष्ट्रात ‘सिंपल’ नावाचं मोबाइल अ‍ॅप वापरलं गेलं. नावाप्रमाणेच ते साधं आहे. रुग्णाला एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर क्यूआर कोड. पुढच्या वेळी आला की नर्सताई फोनने कोड स्कॅन करतात, मागचे सगळे आकडे समोर येतात. आजचा रक्तदाब आणि औषध भरलं की नोंद संपली. रेंज नसली तरी नोंद होते, रेंज आली की वर जाते. पाटण, जावळीच्या डोंगरात ही किरकोळ सोय नाही. आणि रुग्ण जिल्ह्यातल्या दुसऱ्या केंद्रात गेला, तिथेही हे अ‍ॅप असलं, तर तोच कोड तिथे चालतो.

पण आम्हाला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. या अ‍ॅपमध्ये एक यादी असते, तारीख उलटूनही न आलेल्या रुग्णांची. नर्सताई त्या यादीतून थेट फोन लावतात. बोलणं झालं की काय कळलं ते नोंदवतात. येतो म्हणाले, नंतर आठवण करा म्हणाले, दुसरीकडे उपचार घेतात, गाव सोडून गेले, किंवा वारले.

रजिस्टरमध्ये काय लिहिलेलं असतं? आलेल्याची नोंद. न आलेल्याची ओळ रजिस्टरमध्ये कधीच नसते, आणि नेमका त्यालाच धोका जास्त असतो. आपले आबा दोन महिने केंद्रात फिरकले नाहीत, तेव्हा कोणत्याही कागदावर त्याची खूण उमटली नाही. यादी असती तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक फोन गेला असता. झटका टळला असता असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण टळण्याची एक संधी मिळाली असती, एवढं नक्की.

हिशोब कसा मांडायचा

इथे थोडं गणित करू, कारण तंत्रज्ञान हिशोबाची पद्धतही बदलतं. समजा, एका केंद्रात २०० रुग्ण नोंदवलेले आहेत. गेल्या तीन महिन्यांत त्यातले १२० आले. त्यांपैकी ९० जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे. केंद्राचं काम कसं चाललंय?

आलेल्यांचाच हिशोब केला तर १२० पैकी ९०, म्हणजे ७५ टक्के. बैठकीत शाबासकी मिळेल. नोंदवलेल्या सगळ्यांचा हिशोब केला तर २०० पैकी ९०, म्हणजे ४५ टक्के. ८० जण कुठे आहेत हेच माहीत नाही. या उपक्रमात हिशोब दुसऱ्या पद्धतीने होतो. तीन खाती असतात: नियंत्रणात आलेले, न आलेले, आणि भेटीलाच न आलेले. आपल्या उदाहरणात ९०, ३० आणि ८०. मधल्या ३० जणांसाठी डॉक्टरांनी औषध वाढवायचं. शेवटच्या ८० जणांसाठी औषध वाढवून काय उपयोग? त्यांच्यापर्यंत पोचावं लागेल. दोन दुखणी वेगळी, उपायही वेगळे. एकाच आकड्यात दोन्ही मिसळली की दोन्ही राहून जातात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या उपक्रमाचे खांब पाच होते आणि अ‍ॅप हा त्यातला फक्त एक. पहिला, सगळीकडे सारखी आणि सोपी उपचारपद्धती. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी मोजकी औषधं, कोणती आधी आणि कोणती नंतर हे ठरलेलं. दुसरा, औषधांचा साठा कमी पडू न देणं. तिसरा, डॉक्टरांवरचा भार नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांनी वाटून घेणं. चौथा, रुग्णाची सोय, म्हणजे घराजवळ आणि एकदम महिन्याभराचं औषध. पाचवा खांब माहितीचा. फोन करून बोलावलेला रुग्ण एसटीचं तिकीट काढून आला आणि खिडकीवर “गोळ्या संपल्यात” असं ऐकून परत गेला, तर पुढच्या वेळी तो फोनच उचलणार नाही. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवरचा पुरस्कार मिळाला. तो पाचही खांबांचा आहे.

एका आजाराकडून सगळ्या आजारांकडे

सिंपल हे मोजक्या दीर्घ आजारांसाठीचं साधन. आबांना मात्र झटका आला, फिजिओथेरपी लागली, उद्या डोळ्याचं ऑपरेशन असेल. पाच दारांमधली माहिती जोडायची तर मोठी चौकट लागते. ती आहे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० ला राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मिशन या नावाने घोषणा झाली, आधी केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला, आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आजच्या नावाने देशभर सुरुवात झाली.

यात तुमचा एक १४ अंकी आरोग्य क्रमांक असतो, त्याला ‘आभा’ म्हणतात. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आधी दूर करू. आभा कार्ड वेगळं आणि आयुष्मान कार्ड वेगळं. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला मोफत उपचारांचं संरक्षण मिळतं. आभा कार्डावर पैसे मिळत नाहीत. ती तुमच्या कागदांची ओळख आहे, आणि ती काढणं ऐच्छिक आहे.

तर आभा चालतं कसं? लोकांना वाटतं, सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या संगणकात जमा होतात. तसं नाही. मिरजेच्या हॉस्पिटलमधली नोंद मिरजेच्याच हॉस्पिटलच्या यंत्रणेत राहते. आभा क्रमांकाला फक्त एवढं जोडलं जातं की अमुक ठिकाणी या व्यक्तीची नोंद आहे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ती बघायची असेल तर ते विनंती पाठवतात. आबांच्या किंवा घरच्यांच्या फोनवर विचारणा येते: कोणाला बघायचंय, कशासाठी, कोणत्या काळातली माहिती, किती दिवसांपर्यंत. होकार दिला तर नोंद पोचते, नाही म्हटलं तर नाही. दिलेला होकार पुढे मागेही घेता येतो. तुम्ही बँकेतले पैसे एका बँकेतून दुसरीत पाठवता, तेव्हा सगळ्या बँका एक होत नाहीत, पण त्यांची आपसातली भाषा ठरलेली असते. हे तसंच.

ही भाषा ठरवणं हेच मोठं काम. मराठीत आपण लकवा म्हणू, अर्धांगवायू म्हणू, डॉक्टर स्ट्रोक म्हणतील. माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही. म्हणून आजारांना, तपासण्यांना, औषधांना ठरलेले संकेतांक लागतात. औषधाचं मूळ नाव एका संकेतांकाने लिहिलं गेलं की दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या प्रत्यक्षात एकच आहेत हे यंत्र दाखवू शकतं. आबांचा दुहेरी डोस तिथे थांबला असता.

याच वाटेवर आणखी साधनं आहेत. ई-संजीवनीमुळे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून लांबच्या डॉक्टरांशी जोडून देतात. क्षयरोगासाठी २०१२ पासून ‘निक्षय’ आहे. त्याचं महत्त्व आपल्या भागात विशेष. गळीत हंगामात बीडकडून ऊसतोड कामगार सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात आणि हंगाम संपला की जातात. क्षयाचं औषध किमान सहा महिन्यांचं, हंगाम साधारण त्याहून छोटा. मधेच औषध सुटलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. निक्षयमध्ये रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते. बैलगाडी आणि ट्रॅक्टर निघाला की नोंदही निघते. अर्थात, कोपीवर कोणी जाऊन विचारलं, तरच ती निघेल.

गाठ कुठे सुटते

अडचणी लपवून बोलण्यात अर्थ नाही. पहिली अडचण दुहेरी कामाची. एका आशाताईला, एका नर्सताईला गरोदर मातांसाठी एक अ‍ॅप, लसीकरणासाठी दुसरं, असंसर्गजन्य आजारांसाठी तिसरं, आणि शिवाय रजिस्टर. तीच माहिती चार वेळा भरायची. भरणाऱ्याला त्यातून परत काही मिळत नसेल, तर नोंदी उरकल्या जातात. सिंपलच्या यादीचा नर्सताईंना स्वतःच्या कामात उपयोग होतो. नवीन साधन तपासायची आमची कसोटी हीच: जी भरते, तिला ते काही देतं का?

दुसरी अडचण ओळखीची. एका घरात एक फोन, तो मुलाच्या खिशात, मुलगा वाशीला. फोन लागला तरी आबांपर्यंत निरोप पोचत नाही. नंबर दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो. नाव मराठीत एक, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या स्पेलिंगचं. एका माणसाच्या दोन नोंदी होतात, आणि अर्धी माहिती एकीत, अर्धी दुसरीत. हे काही वेळा माहिती नसण्यापेक्षा वाईट, कारण समोरच्याला वाटतं की सगळं दिसतंय.

तिसरी, खासगी दवाखान्यांची. आपल्याकडे बहुतेक लोक आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातात. तिथली चिठ्ठी हाताने लिहिलेली. ती जोवर या जाळ्यात येत नाही, तोवर चित्र अर्धंच राहील. छोट्या दवाखान्यात एकटा डॉक्टर, त्यात संगणकावर टंकायला वेळ कुठला? त्यांना दोष देऊन चालणार नाही, सोपं साधन द्यावं लागेल.

चौथी अडचण सर्वांत नाजूक. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात. या नोंदी चुकीच्या माणसाने बघितल्या तर सोयरीक मोडते, काम जातं. म्हणून संमती म्हणजे पडद्यावरचं एक बटण नव्हे. खिडकीवर रांग लागलेली असताना “इथे दाबा” म्हणून घेतलेला अंगठा ही संमती नव्हे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण गावपातळीवर कायद्याआधी सवय लागते: दुसऱ्याचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर न टाकण्याची.

आणि पूर? कृष्णाकाठाला ते विसरता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये सांगलीत घरांत पाणी शिरलं. अशा वेळी लोक जीव घेऊन बाहेर पडतात, पिशवी मागे राहते. निवारा केंद्रात डॉक्टर विचारतात, “कोणत्या गोळ्या चालू आहेत?” नोंद दुसरीकडे सुरक्षित असणं म्हणजे काय, हे त्या दिवशी कळतं. त्याच दिवशी वीज आणि रेंजही गेलेली असते, हेही ध्यानात ठेवू. म्हणून पाकिटात औषधांच्या नावांचा एक कागद असावा, आभा असलं तरी असावा.

आपल्याला काय करता येईल

शेवटी, हे ऐकून घरी गेल्यावर काय करायचं? पिशवी उघडा. शेवटचं डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर ठेवा आणि फोनवर त्याचा स्पष्ट फोटो काढा. चालू असलेल्या गोळ्यांची मूळ औषधाच्या नावासकट यादी करा. पाकिटावर बारीक अक्षरात ते नाव असतं. कळत नसेल तर मेडिकलवाल्यांना विचारा. दवाखान्यातून सोडताना दोन प्रश्न हक्काने विचारा: “आधीच्या कोणत्या गोळ्या बंद करायच्या?” आणि “पुढे कोणाला आणि कधी दाखवायचं?” आरोग्य केंद्रात नंबर देताना, जो फोन आजारी माणसाजवळ असतो तो द्या. आभा काढलं असेल तर त्याला नोंदी जोडून घ्या, नुसतं कार्ड छापून कपाटात ठेवू नका. संमती मागितली तर कोणाला, कशासाठी, किती दिवस, हे वाचूनच होकार द्या.

आणि आरोग्य केंद्रातून फोन आला, “आबा, या महिन्यात आला नाहीत,” तर तो उचला. त्या फोनमागे एक यादी आहे, यादीमागे एक नर्सताई आहेत, आणि त्यांना अजून बऱ्याच जणांना फोन करायचे आहेत. यंत्र फक्त नाव पुढे आणून ठेवतं. हाक माणसालाच मारावी लागते, आणि ओ सुद्धा माणसालाच द्यावी लागते.

आज इथे थांबू. तुमच्या गावातला अनुभव, चांगला असो की वाईट, प्रश्नोत्तरांच्या वेळात जरूर सांगा.